अतिनील दिवे आणि गांजाची बंदिस्त लागवड : समज व वस्तुस्थिती

प्रस्तावना

ग्वाल्हेर म्हटले की मराठी वाचकाला शिंद्यांची राजधानी, किल्ला आणि गायकी आठवते. भारताच्या नार्कोटिक्स आयुक्तांचे मुख्यालय याच शहरात आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे हे मुख्यालय १९६० मध्ये शिमल्याहून ग्वाल्हेरला आले. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील परवानाधारक अफूच्या शेतीवर देखरेख ठेवणे हे या कार्यालयाचे प्रमुख काम. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच ब्यूरोच्या पथकांनी हिमाचल प्रदेशातील कुल्लू भागात हजाराहून अधिक हेक्टरांवरील गांजाची बेकायदेशीर लागवड नष्ट केली.

ती लागवड डोंगरावरची, उघड्यावरची होती. अलीकडे मात्र बंद खोलीत दिव्यांखाली झाडे वाढविण्याची चर्चा विद्यार्थ्यांच्या कानांवर येते. अतिनील दिवा लावला की गांजा अधिक तीव्र होतो, असा दावाही तीत असतो. या दाव्यात तथ्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वनस्पतिशास्त्राच्या किंवा आरोग्यशिक्षणाच्या तासाला हा प्रश्न आल्यास शिक्षकाला टाळाटाळ न करता उत्तर देता यावे, हा त्यामागील हेतू आहे.

अतिनील किरण व वनस्पती

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट पडतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर म्हणजे ‘ए’, २८० ते ३१५ म्हणजे ‘बी’ आणि १०० ते २८० म्हणजे ‘सी’. ‘सी’ किरण व बहुतांश ‘बी’ किरण ओझोनच्या थरात शोषले जातात. उरलेले ‘बी’ किरण जमिनीपर्यंत येतात, परंतु खिडकीची साधी काच त्यांना अडवते. त्यामुळे घरात किंवा काचगृहात वाढणाऱ्या झाडाला ते जवळजवळ मिळत नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘बी’ किरण हे झाडाचे अन्न नव्हे. प्रकाशसंश्लेषण मुख्यतः दृश्य प्रकाशावर चालते. ‘बी’ किरण झाडाला इशारा देतात. हा इशारा ओळखणारे प्रथिन २०११ मध्ये निश्चित झाले. त्याला ‘यूव्हीआर-८’ म्हणतात. इशारा मिळताच झाड आपल्या पेशींच्या रक्षणासाठी किरण शोषणारी द्रव्ये तयार करते. सब्जाच्या झाडाला हे किरण दिल्यास त्याच्या पानांतील सुगंधी तेल वाढते, असेही प्रयोगांत दिसले आहे.

दाव्याचा उगम

गांजाची राळ मादी फुलांवरील सूक्ष्म ग्रंथियुक्त केसांत साठते. नशा आणणारा टीएचसी हा घटक तिच्यातच असतो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. डोंगरी प्रदेशातील चरस तीव्र मानला जातो. या दोन गोष्टींची सांगड घालून १९८०च्या दशकात असा तर्क मांडला गेला की, ही राळ म्हणजे झाडाने उन्हापासून स्वतःला वाचविण्यासाठी धरलेली छत्री असावी.

१९८७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ‘बी’ किरणांची मात्रा वाढविल्यावर नशेच्या वाणात टीएचसीचे प्रमाण वाढल्याचे त्यात आढळले. धाग्याच्या वाणात असा परिणाम दिसला नाही. पुढे बाजारातील दाव्यांना या एका प्रयोगाचा मोठा आधार मिळाला.

कॅनडात २०१८ मध्ये गांजा कायदेशीर झाला आणि आधुनिक वाणांवर परवानगीने संशोधन करणे सोपे झाले. तेथील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष वेगळे होते. अतिनील ‘बी’ किरणांनी ना फुलांचे उत्पादन वाढले, ना टीएचसीसारख्या घटकांचे प्रमाण. उलट मात्रा वाढविली तशी वाढ खुंटली व पानांवर इजा दिसली. या वाणांत राळ मुळातच भरपूर असते. दिव्याने तिच्यात भर पडली नाही. थोडक्यात, तर्क आकर्षक असला तरी दावा सिद्ध झालेला नाही.

कायदा

भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार विनापरवाना गांजाचे झाड लावणे गुन्हा आहे. झाड शेतात आहे की कपाटात, एक आहे की शंभर, यामुळे तो गुन्हा नाहीसा होत नाही. कलम २० प्रमाणे लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बिया व शेंड्याविरहित पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांगेचे नियमन राज्यांकडे असते, ते यामुळेच. परंतु पानांना मिळालेली ही सूट म्हणजे झाड लावण्याची मुभा नव्हे. एकोणीस वर्षांच्या मुलाने कुतूहलापोटी कुंडीत लावलेले रोप त्याचे शिक्षण व नोकरी दोन्ही संपवू शकते.

डोळ्यांना धोका

दुसरा धोका दिव्याचाच आहे. प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धनाच्या कक्षात जंतुनाशक दिवा असतो. तो २५४ नॅनोमीटरचे ‘सी’ किरण देतो. कोविडच्या काळात असे दिवे घरोघरी पोहोचले. ‘अतिनील’ या एकाच नावामुळे हा दिवा झाडांवर लावण्याची चूक होऊ शकते. त्याने झाड तर भाजतेच, शिवाय डोळ्यांच्या पारदर्शक पटलाला इजा होते. वेदना लगेच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी येते व प्रकाश सहन होत नाही. म्हणून कक्षातील दिवा बंद केल्यावरच काम सुरू करावे, हा नियम विद्यार्थ्यांकडून कटाक्षाने पाळून घ्यावा.

वर्गासाठी पर्याय

विद्यार्थ्यांचे कुतूहल मात्र दडपू नये. सब्जा किंवा लाल पानांच्या लेट्यूसची रोपे दोन चौकटींखाली उन्हात ठेवावीत. एका चौकटीवर ‘बी’ किरण अडविणारी पॉलिएस्टरची फिल्म, तर दुसरीवर ते जाऊ देणारी सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म लावावी. माती, पाणी व जागा सारखीच ठेवावी. तीन-चार आठवड्यांनी पानांचा रंग, जाडी व वास यांची तुलना करावी. ग्वाल्हेरच्या उन्हात या प्रयोगाला दिव्याची गरजच नाही.

समारोप

अतिनील किरण झाडाला सावध करतात, पोसत नाहीत. एका प्रयोगावर उभा राहिलेला दावा पुढील प्रयोगाने कसा तपासला जातो, याचा हा चांगला नमुना आहे. केवळ ‘हे वाईट आहे’ असे सांगितलेले विद्यार्थी सहसा ऐकत नाहीत. पुरावा समोर ठेवला, कायदा समजावला आणि हाताला दुसरा प्रयोग दिला, तर ते स्वतःच योग्य निष्कर्षापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते.