एका संख्येचे दोन अवयव

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवायचे. पट ६४ घरांचा असतो. तो ६७ घरांचा आहे असे मानल्यास सर्व दाण्यांची बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ एवढी भरते. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला, तरी हीच एकवीस अंकी संख्या मिळते.

मारँ मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने १६४४ मध्ये ही संख्या मूळ संख्या असल्याचे प्रतिपादन केले. १ आणि ती स्वतः यांखेरीज जिला दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या होय. उदाहरणार्थ ७ किंवा १३. मर्सेनच्या विधानाचा पडताळा घेणे सोपे नव्हते. संख्येचा शेवटचा अंक ७, म्हणून २ व ५ हे भाजक बाद. अंकांची बेरीज १०९; तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ देखील बाद. असे एकेक भाजक घेत गेल्यास एक कोटीहून अधिक मूळ संख्या तपासूनही हाती काहीच लागत नाही.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने निराळी वाट काढली. एकही भाजक न शोधता, केवळ एका कसोटीच्या आधारे, ही संख्या मूळ नाही असे त्याने दाखवून दिले. मर्सेनचे विधान चुकले होते. पण संख्येला अवयव आहेत हे निश्चित, आणि ते कोणते हे मात्र कोणासच ठाऊक नाही, अशी विलक्षण अवस्था पुढे सत्तावीस वर्षे टिकली.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते अवयव मांडले. असे सांगतात की, ते एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेले. एका बाजूस त्यांनी २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या शोधाला तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्यांनी पुढे सांगितल्याची आख्यायिका आहे.

ती अशक्य वाटत नाही. या संख्येच्या कोणत्याही अवयवास १३४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशा नियमांमुळे शोधाचे क्षेत्र आकुंचित होते खरे, तरी लहान अवयवापर्यंत या नियमात बसणाऱ्या चौदा लाखांहून अधिक संख्या आहेत. उलट, तो गुणाकार कागद-पेन्सिल घेऊन कोणासही एका बैठकीत करता येतो.

गुणणे सोपे, अवयव शोधणे दुष्कर. याच विषमतेवर १९७७ मध्ये गुप्तसंदेशांची एक पद्धती उभारण्यात आली. कोल यांच्या संख्येचे अवयव आजचा संगणक क्षणार्धात देतो. म्हणून त्या पद्धतीत आता सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात.