माती जिवंत आहे : पुनरुज्जीवी शेतीची ओळख



खराडीत एखाद्या नव्या इमारतीचा पाया खणत असताना तुम्ही कधी थांबून बघितलंय का? वरती गडद मातीचा थोडासा थर, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. पीक उभं राहतं ते त्या वरच्या थराच्या जिवावर. मुळा-मुठेच्या काठचं खराडी हे मूळचं शेतीचं गाव. 1997 मध्ये ते पुणे महानगरपालिकेत आलं आणि हळूहळू शेतांच्या जागी आयटी पार्क उभे राहिले. खडक झिजून इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. जेसीबीला ती उचलायला एक दुपार पुरते.

पण माती फक्त इमारतींखालीच जाते असं नाही. शेतात असूनही ती मरू शकते. ती कशी मरते आणि पुन्हा जिवंत कशी करता येते, हे आज समजून घेऊया.

जिवंत माती म्हणजे काय?

मातीत खनिजांचे कण, पाणी, हवा आणि सेंद्रिय पदार्थ असतात. शिवाय असंख्य जिवाणू, बुरशी आणि गांडुळं असतात. झाडाची मुळं गोड स्राव सोडतात, जिवाणू तो खातात आणि त्या बदल्यात झाडाला अन्नद्रव्यं मिळवून देतात. बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट स्राव मातीचे कण बांधून ठेवतात. त्यामुळे माती रवाळ होते, तिच्यात पोकळ्या राहतात आणि पाऊस आत मुरतो.

वारंवार नांगरट केली की ही बांधणी मोडते. उघड्या पडलेल्या सेंद्रिय पदार्थाचं विघटन झपाट्याने होतं आणि त्यातला कर्ब हवेत निघून जातो. मृद आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टींची नोंद असते, त्यात सेंद्रिय कर्बही असतो. तो 0.5 टक्क्यापेक्षा कमी असेल तर ‘कमी’ समजला जातो.

चार साधे नियम

पुनरुज्जीवी शेती म्हणजे पीक घेता घेता माती सुधारत जाणारी शेती. तिचे नियम असे :

1. मातीची उलथापालथ कमीत कमी करा.
2. माती उघडी ठेवू नका. पालापाचोळ्याचं आच्छादन करा.
3. जमिनीत जास्तीत जास्त काळ जिवंत मुळं असू द्या.
4. पिकं बदलत राहा. आपल्याकडे याला ‘बेवड’ म्हणतात. हरभरा, तूर अशा द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींमध्ये हवेतला नत्र स्थिर होतो.

महाराष्ट्रात कोणी करून पाहिलंय?

रायगड जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची ‘सगुणा’ पद्धत विकसित केली. यात गादीवाफे एकदाच करायचे. चिखलणी नाही, लावणी नाही, टोकणणी करायची. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. ती कुजली की गांडुळांना खाद्य मिळतं, हवा आणि पाण्याला वाटा मिळतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनीही उसाच्या शेतीत विनानांगरणीचा मार्ग धरला.

पुणे जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्याचं उदाहरण घ्या. एका एकरातून साधारण 3 ते 4 टन पाचट निघतं. ते पेटवलं की जमिनीचं तेवढं खाद्य धुरात गेलं. सरीत पसरून कुजवलं तर तेच खत होतं, ओलावाही टिकतो आणि तणही कमी उगवतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पुनरुज्जीवी म्हणजे सेंद्रियच असं नाही. नांगरट थांबवली की तणाचा प्रश्न येतो आणि त्यासाठी काही शेतकरी तणनाशक वापरतात. त्यावर मतभेद आहेत. शिवाय माती एका हंगामात सुधारत नाही. सुरुवातीला उत्पन्न घटण्याची भीती असते आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला ही वाट बघणं जड जातं. म्हणून आधी थोड्या क्षेत्रावर करून बघणं शहाणपणाचं.

आपण खराडीत काय करणार?

सोसायटीच्या आवारातला वाळका पाला झाडून पेटवला जातो, तेव्हाही पाचट जाळण्यासारखंच होतं. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमाने यावर सोपा मार्ग काढला. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे, त्यांनी तो खत करणाऱ्यांना द्यायचा. भाजीच्या देठा-सालांमध्ये हा वाळका पाला मिसळला की खताला वास येत नाही, कारण पाला जास्तीचा ओलावा शोषतो आणि हवा खेळती ठेवतो.

करून बघा : ढेकळाची परीक्षा

सुपारीएवढी दोन ढेकळं घ्या. एक जुन्या झाडाखालचं, जिथे पाला साचतो. दुसरं उघड्या, तुडवलेल्या जागेचं. दोन्ही सावलीत पूर्ण वाळवा आणि पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडा. पाच मिनिटं बघा. ज्या मातीत बुरशी-जिवाणूंचा ‘डिंक’ आहे ती बराच वेळ टिकते. दुसरी बहुतेक लगेच विरघळते आणि पाणी गढूळ होतं. पावसात उघड्या शेतावरची माती ओढ्याला जाते ती अशीच.

काय दिसलं ते वहीत लिहा. आणि पुढच्या वेळी कोणी पाला पेटवताना दिसलं, तर हा ग्लास त्यांना नक्की दाखवा.