छोटा मासा सोडा, मोठा घरी न्या : महासीरच्या बाबतीत हा नियम का फसू शकतो?

गळाला लागलेला मासा मोजायचा. ठरलेल्या लांबीपेक्षा लहान भरला, तर परत पाण्यात सोडायचा. किमान लांबीचा नियम एवढाच. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी असा नियम केला, पण तो समुद्रापुरता. समजा, उद्या तो मुळशीतल्या महासीरला लावला तर?

मुळशीचंच उदाहरण का? कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनी महासीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, ते मुळा-मुठेतल्या माशावरून. सेनापती बापटांनी ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला ते टाटांचं मुळशी धरण याच मुळेवर आहे. आणि शेजारी लोणावळ्याला टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्लं वाढवतेय.

या नियमामागचा विचार सरळ आहे : प्रत्येक माशाला मरण्याआधी निदान एकदा अंडी घालू द्या. पण महासीरची मादी नरापेक्षा उशिरा आणि जास्त मोठी झाल्यावर वयात येते. नराकडे बघून लांबी ठरवली, तर मादी पहिल्या विणीआधीच कुणाच्या तरी पिशवीत जाणार.

लांबी नीट ठरवली तरी दुसरी अडचण आहेच. लहान मासे वाचतात, गळाला वारंवार मासे लागतात, हौशी मंडळी खूश. मात्र घरी न्यायचा म्हणून मारला जातो तो फक्त मोठा मासा. म्हणजे बहुतेक वेळा मोठी मादी. बऱ्याच माशांमध्ये मादीचं वजन दुप्पट झालं की अंडी दुपटीहून जास्त होतात. एक थोराड मादी गेली, तर तिची भरपाई दोन-तीन तरण्या माद्या करतीलच असं नाही.

म्हणून काही देशांत उलटीकडूनही मर्यादा घालतात : लहान सोडा, फार मोठाही सोडा, मधल्या मापाचाच न्या. महासीरसाठी हेच जास्त शहाणपणाचं दिसतं. भारतातले बरेच हौशी तर महासीर पकडून, फोटो काढून सोडूनच देतात.

अर्थात सोडलेला मासा जगलाही पाहिजे. गळ घशात खोल रुतला असेल किंवा फोटोसाठी मासा उन्हात बराच वेळ धरला असेल, तर मोजमाप करून काय उपयोग? शिवाय फुटपट्टी गळवाल्याला चालते, जाळ्याला नाही. तिथे लांबी ठरते ती जाळ्याच्या आसाच्या मापावर.