संजाण : अग्यारी शोधताना सापडलेलं बंदर

मुंबईहून सुरतेकडे जाताना महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेच संजाण लागतं. हा उंबरगाव तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. इराणातून आलेल्या पारशांनी इथल्या राजाच्या परवानगीने वस्ती केली आणि ‘इराणशाह’ या पवित्र अग्नीची स्थापना केली, असं ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो. मात्र हे फारसी काव्य बहमन कैकोबाद यांनी लिहिलं ते १६०० च्या सुमारास, त्या घटनेला कित्येक शतकं उलटल्यावर. त्याची शहानिशा मातीतच होऊ शकत होती.

२००२ ते २००४ या काळात वारोली नदीकाठच्या संजाण बंदरात उत्खनन झालं. पुढाकार वर्ल्ड झरथुष्ट्री कल्चरल फाउंडेशनचा, नेतृत्व एस. पी. गुप्ता यांचं. जुन्या अग्यारीची खात्रीने ओळख पटेल असा पाया काही लागला नाही. निघाली ती खापरं: पश्चिम आशियातल्या फिरोजी झिलईच्या भांड्यांची, चिनी मातीच्या भांड्यांची, सोबत काचेचे तुकडे. या खापरांवर रुक्षाना नानजी यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला मिळालेला शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपटही याला पूरक आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार एक अरब अधिकारी पाहत होता, अशी नोंद त्यात आहे. पारशी आले ते अशा गजबजलेल्या बंदरात; ओसाड किनाऱ्यावर नव्हे.

त्यांच्या वस्तीचा पक्का पुरावा दिला दोखम्याने. दोखम्यात मृतदेह उघड्यावर ठेवत आणि उरलेली हाडं मधल्या विहिरीत लोटत. त्यामुळे इथे कित्येक माणसांच्या अस्थी एकमेकींत मिसळलेल्या मिळाल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांचा अभ्यास झाला. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनात, तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास निम्म्यांचा मातृवंश दक्षिण आशियाई निघाला. इथल्या स्त्रिया या समाजात सामावल्या होत्या, असा त्याचा अर्थ संशोधक लावतात. किस्सा याबद्दल बोलत नाही.

अग्यारी न मिळण्याचं फार नवल नको. पारशांना वास्तूपेक्षा अग्नी मोलाचा, आणि अग्नी हलवता येतो. संजाण पडल्यावर इराणशाह पालघर जिल्ह्यातल्या बाहरोटच्या लेण्यांत बारा वर्षं होता, अशी परंपरा आहे. तिथून तो वांसदा, नवसारी असा फिरत १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. दोखमा मात्र कुणी बरोबर नेत नाही. म्हणूनच संजाणचा इतिहास मांडताना मोडक्या भिंतींपेक्षा हाडं आणि खापरं अधिक उपयोगी पडली.