धबधब्याचें पाणी आणि बावखलाचें पाणी

आषाढाच्या सरी नीट लागल्या, कीं नालासोपारा व वसई या स्थानकांवर उतरणाऱ्या मंडळींचे दोन प्रवाह दिसूं लागतात. एक पश्चिमेकडे वळतो व राजोडी, कळंब, अर्नाळा येथील समुद्र पाहावयास येतो. दुसरा पूर्वेकडे वळून तुंगारेश्वर व चिंचोटी येथील धबधब्यांकडे जातो. गंमत अशी कीं, ज्यांच्या दारांत समुद्र आहे ते आम्ही कळंबकर सवड मिळतांच दुसऱ्या प्रवाहांत सामील होतों. दारचें मनुष्यास दिसत नाहीं, हा जुनाच अनुभव होय. शेतकऱ्यानें धबधबा पाहावयास जाणें यांत मला कांहीं गैर वाटत नाहीं; उलट त्यानें वर्षांतून एकदां तरी अवश्य जावें, या मताचा मी आहें. मात्र त्यानें शहरांतील मनुष्याप्रमाणें नुसतें भिजून परत येऊं नये. पाणी हा ज्याच्या चरितार्थाचा प्रश्न आहे त्यानें तें कोठून आलें, किती आलें व कोठें गेलें, इतकें विचारल्यावांचून घरीं परतूं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.

तुंगारचा डोंगर आपल्या तालुक्याच्या पूर्व अंगास भिंतीसारखा उभा आहे. त्यावरील रानास २००३ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारें ८५ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेकडील बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान व ईशान्येकडील तानसा अभयारण्य यांना जोडणारा हा मधला दुवा आहे, आणि म्हणूनच वन्य प्राण्यांच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व त्याच्या आकाराहून मोठें आहे. माथ्याकडे तुंगारेश्वर महादेवाचें देवालय असून श्रावणी सोमवारीं व महाशिवरात्रीस तेथें मोठी गर्दी होते. देवालयाची वाट ओढे ओलांडीत चढते, आणि पावसाळ्यांत या ओढ्यांवर लहानमोठ्या धारा जागोजागीं कोसळत असतात. चिंचोटीचा धबधबा याच डोंगराच्या दक्षिण बाजूस आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटी नाक्याच्या बाजूनें रानांत शिरून, ओढ्याच्या कांठाकांठानें तासाभराहून अधिक चालल्यावर तो दिसतो. वाट सोपी दिसते, पण सोपी नाहीं.

हा सर्व डोंगर काळ्या कातळाचा. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक बसून आपला सह्याद्रि व त्याचे फांटे झाले, हें शाळेंत शिकलेल्यांस ठाऊक असतें. या थरांत कांहीं कठीण, कांहीं ठिसूळ. ओढा कठीण थरावरून वाहत येतो. त्याखालचा ठिसूळ थर पाण्यानें झिजतो व पोखरला जातो. वरचा कठीण थर छज्जासारखा पुढें राहतो, आणि त्यावरून पाणी उडी घेतें. उडी पडते त्या ठिकाणीं शेंकडों वर्षांच्या आघातानें डोह खणला गेलेला असतो. डोहाचा तळ सपाट नसतो. पोखरलेल्या कातळाखालीं कपारी असतात, आणि पडणारें पाणी वरून शांत दिसलें तरी आंत गरगर फिरत असतें. विहिरींत पोहावयास शिकलेला मनुष्य अशा डोहांत हटकून फसतो, कारण विहिरीचें पाणी त्यास ओढीत नाहीं, हें ओढतें.

या डोहांनीं घेतलेले बळी थोडे नाहींत. ७ जुलै २०१८ रोजीं चिंचोटीस सहलीला गेलेले शंभरांहून अधिक लोक ओढा एकाएकीं फुगल्यामुळें पलीकडे अडकून पडले. त्यांस सोडवून आणलें, परंतु एकाचा जीव गेला. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण, त्यांत चार मुलें, पाहतां पाहतां वाहून गेलीं. आणि आपण तरी डोंगराकडे बोट कशाला दाखवावें? २०१९ सालीं धुळवडीच्या दिवशीं आमच्याच कळंबच्या किनाऱ्यावर पांच माणसें बुडालीं. अशा कारणांस्तव पावसाळ्यांत धोक्याच्या जागीं जाण्यास सरकारी मनाई हुकूम निघतो. पूर्वीं तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालीं निघत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालीं निघतो. लोक त्यास सरकारची कटकट समजतात. ज्यानें कचेरींत बसून बुडालेल्यांचे पंचनामे नकलून काढिले आहेत त्यास तो हुकूम कटकटीचा वाटत नाहीं. निघण्यापूर्वीं पोलीस ठाण्यांत किंवा तहसील कचेरींत चौकशी करावी. बंदी असेल तर आठ दिवस थांबावें. धबधबा कोठें पळून जात नाहीं. मद्य घेऊन पाण्यांत उतरणाऱ्यांविषयीं मी येथें शाई वायां घालवीत नाहीं.

शेतकऱ्यास सोयीचा काळ तसाही आषाढ नव्हे. त्या वेळीं लावणीची घाई असते. लावणी उरकून, गणपति बोळवून, हळवें भात निसवूं लागतें तेव्हां चार दिवस सवड मिळते; पावसाचा जोरही ओसरलेला असतो आणि झरे मात्र भरलेले असतात. गेल्या भाद्रपदांत आमच्या गांवचे चार बागाईतदार व मी, बंदी उठल्याची चौकशी करून, याच बेतानें चिंचोटीस गेलों होतों. बरोबर पायथ्याच्या पाड्यावरील एक वृद्ध वारली गृहस्थ वाटाड्या म्हणून घेतले होते. आम्ही डोहापासून दूर खडकावर बसून भाकरी सोडली. डोक्यावर ऊन होतें. इतक्यांत म्हातारबाबा उठले व म्हणाले, "दादा, आता निघा. मघाशी त्या दगडाची कोरी रेघ दिसत होती, आता ती बुडाली." आमच्यांतील एकानें आकाशाकडे बोट दाखविलें. बाबा म्हणाले, "इथलं आभाळ काय बघता? पाणी वरून येतं." आम्ही कांठावर चढून गेलों. थोड्याच वेळांत ओढ्यांतून पाला व काटक्या येऊं लागल्या, पाण्याचा रंग चहासारखा झाला, आणि ज्या खडकावर आमची शिदोरी पसरली होती तो दिसेनासा झाला. आमच्या अंगावर मात्र थेंब पडला नव्हता. दगडावरची रेघ, तरंगत येणारा पाला, पालटलेला रंग व वाढलेला आवाज, या खुणा पोहण्याच्या कलेहून अधिक उपयोगी आहेत.

आतां पाणी किती, याचा हिशेब करूं. हिशेब आपल्या ओळखीच्या मापानें करावा म्हणजे पटतो. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस पडला, तर तें पाणी सुमारें १०,००० लिटर भरतें. आपल्या रस्त्यांवरून धांवणारा एक मोठा टँकर समजा. एक चौरस किलोमीटर डोंगरावर तेवढाच पाऊस पडला तर असे दहा हजार टँकर होतात. आपल्याकडे वर्षाचा पाऊस २,००० मिलिमीटरांच्या आगेमागे पडतो, आणि ज्या दिवशीं चार इंच होतात असे दिवस दर पावसाळ्यांत येतात. हें पाणी कातळावरून घसरून चिंचोटीच्या ओढ्यानें कामणच्या बाजूस उतरतें व कांहीं तासांत वसईच्या खाडीस मिळतें. उत्तरेच्या उतारावरचें तानसा नदीला, तेथून वैतरणेला, तेथून समुद्राला. पेल्हार व उसगांव येथील लहान धरणांत अडतें तें सोडल्यास बाकीचें आपण पाहतों, टाळ्या वाजवितों व सोडून देतों. मग चैत्रांत तेंच पाणी टँकरनें विकत घेतों.

धबधब्याचें पाणी अडवूं गेल्यास काय होतें, हें पाहावयाचें असल्यास प्रवरेवरील रंधा धबधब्यास जावें. त्याच्या वरच्या अंगास भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. रंध्याचें पाणी आतां ढगांच्या लहरीवरच नव्हे, तर धरणांतून सोडलेल्या पाटपाण्याच्या वेळापत्रकावरही पडतें. रसिकांना हें खटकेल. पण खालच्या अंगास श्रीरामपूर-राहात्याकडील ऊंस त्याच पाण्यावर उभा राहिला, आणि त्या उसावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आपल्याकडे मात्र गोष्ट निराळी झाली. सूर्या नदी धामणी येथें अडविली ती शेतीसाठीं, आणि पुढें तिच्या पाण्याचा मोठा वांटा वसई-विरार शहराच्या नळांत आला. त्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद पालघर-डहाणूकडील शेतकऱ्यांत गाजला आहे व त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. जव्हारकडील दाभोसा धबधबा पाहून परतणाऱ्यानें वाटेवरील पाड्यांत फाल्गुनानंतर हंडे कोठून येतात, तेंही विचारावें. सुमारें तीनशें फुटांवरून कोसळणाऱ्या पाण्याच्या शेजारीं उन्हाळ्यांत ओंजळभर पाण्यासाठीं डोंगर उतरावा लागतो, हें ऐकून मला त्या स्थळाचें सौंदर्य कमी वाटलें नाहीं, पण दोन रात्रीं नीट झोंप आली नाहीं.

कळंबचें पाणी तुंगारहून येत नाहीं. आमची जमीन समुद्रानें आणून टाकलेल्या वाळूची. तिच्यावर जो पाऊस पडतो तो ती पिते, आणि तेवढ्यावर आमच्या विहिरी, माड, केळी, मोगरा व भाजीपाला चालतो. वाळूच्या पोटांतील हें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, कारण तें त्याहून हलकें. १९०० सालाच्या आगेमागें हॉलंड व जर्मनींतील दोन संशोधकांनीं याचें गणित मांडलें तें असें: समुद्राच्या पातळीहून गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल, तर तिच्याखालीं गोड्या पाण्याचा सांठा सुमारें चाळीस फूट खोल असतो. ऐकावयास हें सुखाचें आहे. परंतु याचाच उलट अर्थ असा कीं, उपशानें ती पातळी एक फूट उतरली तर खालून खारें पाणी, उशिरा कां होईना, चाळीस फूट वर चढूं पाहतें. राहाटाच्या काळीं बैल थकत व विहिरीला विसांवा मिळे. विजेचा पंप थकत नाहीं. समुद्राकांठीं आतां पाहुण्यांसाठीं रिसॉर्ट झाले आहेत, त्यांत पोहण्याचे तलाव आहेत, आणि ते तलावही याच वाळूंतून भरतात. एका वाडींतील विहिरीचें पाणी चार वर्षांपूर्वीं मचूळ झालें. मोगरा पिवळा पडला. मालकानें जमीन कोणास दिली तें लिहिण्याचें कारण नाहीं.

या वाळूला पाणी पाजण्याचें जुनें साधन म्हणजे बावखल. परगांवच्या वाचकांसाठीं सांगतों कीं, वसईच्या बागाईत पट्ट्यांत वाडीवाडींतून खोदलेलीं गोड्या पाण्याचीं तळीं असतात, त्यांस आम्ही बावखल म्हणतों. पावसाळ्यांत तें भोंवतालचें पाणी गोळा करतें आणि पुढें महिनोनमहिने तें भोंवतालच्या विहिरींत झिरपत राहतें. त्यांत मासे असतात, म्हशी डुंबतात, कांठावर धोंडे मांडून बाया कपडे धुतात. पाहावयास तें मुळींच रमणीय नाहीं. त्याचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं.

महसुली दप्तरांत धबधब्याचा कातळ, ओढा, तळें यांची एकच जात: पोटखराबा. त्यावर आकार बसत नाहीं. ज्या जागेस आकार नाहीं ती फुकट गेलेली, असा समज सात-बारा वाचणाऱ्या पुष्कळांचा होतो, आणि त्या समजुतीनें जितकीं बावखलें बुजविलीं गेलीं तितकीं गाळानेंही बुजलीं नसतील. भाऊबंदांत वांटणी होते; बावखल चौघांच्या नांवें येतें; गाळ काढण्याचा खर्च कोणी करीत नाहीं; मग घर पाडून झालेली डबर कोणी तरी रात्रीं आणून टाकतो. दुसऱ्या वर्षीं तेथें मंडप घालण्याजोगी जागा होते, तिसऱ्या वर्षीं चाळ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथें हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यु २०२४) हे तिच्या अग्रभागीं होते, आणि टँकरनें होणारा विहिरींचा उपसा व वाड्यांवर चढणारीं बांधकामें हेच तिचे मुख्य विषय होते. त्या वेळीं मोर्चांत चाललेले लोक अजून हयात आहेत. त्यांच्यांतील कांहींच्या वाडींतलें बावखल मात्र आज हयात नाहीं, हें मला त्यांच्या तोंडावर सांगावें लागलें आहे व त्यांस तें आवडलें नाहीं.

चिंचोटीहून परतल्यावर आम्हां पांचांपैकीं दोघांनीं आपापल्या बावखलांतील गाळ वैशाखांत काढविला. गाळ केळींस घातला. खताचा खर्च थोडा वांचला. तिसऱ्यानें पावसाचें छपरावरचें पाणी पन्हळीनें बावखलांत सोडलें आहे. बाकीचे अजून विचार करीत आहेत. आमच्या बावखलाच्या कांठीं मीं एक बांबू रोविला असून त्यावर वीतवीत अंतरावर खांचा पाडिल्या आहेत. चिंचोटीच्या फेरीच्या दिवशीं दहा खांचा बुडालेल्या होत्या. मार्गशीर्षांत गांवचीं कांहीं मुलें पुनः तिकडे जाऊन आलीं, तीं म्हणालीं कीं धार मनगटाएवढी राहिली आहे. त्या दिवशीं बांबूच्या सात खांचा पाण्याखालीं होत्या. फाल्गुनांत धबधब्याच्या जागीं कोरडा कातळ होता, असें रानांतून मोहाचीं फुलें आणणाऱ्या बाईनें सांगितलें. बांबूवर त्या आठवड्यांत तीन खांचा उरल्या होत्या, आणि शेजारच्या वाडींतील मोगरा त्याच पाण्यावर पहिल्या बहरास आला होता.