पातळ थरावर उभा असलेला ट्रान्झिस्टर

ट्रान्झिस्टर विद्युतप्रवाह वाढवतो असे सर्रास म्हटले जाते. पण या विधानामुळे लहान प्रवाह आत शिरतो आणि तोच मोठा होऊन बाहेर पडतो, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मोठा प्रवाह बॅटरीकडूनच येत असतो आणि ट्रान्झिस्टर त्यात ऊर्जेची भर घालत नाही, उलट थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्चच करतो. एका अग्रावरील अल्प बदलाने दुसऱ्या मार्गावरील मोठा प्रवाह ताब्यात ठेवणे, हे त्याचे खरे काम आहे. हे काम एका अतिशय पातळ थरामुळे साधते आणि ट्रान्झिस्टर समजून घ्यायचा तर लक्ष त्या थराकडेच द्यावे लागते.

सिलिकॉनच्या अणूच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि स्फटिकात ते चारही शेजारच्या अणूंशी बंध जोडण्यात गुंतलेले असल्यामुळे शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारच कमी वाहते. त्यात दहा लाख अणूंमागे एखादा फॉस्फरसचा अणू मिसळला, तर त्याच्या पाच इलेक्ट्रॉनांपैकी एक मोकळा राहतो आणि 'एन' प्रकारचा अर्धवाहक तयार होतो. बोरॉनकडे मात्र तीनच इलेक्ट्रॉन असल्यामुळे एका बंधात जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन ती भरायला सरकला की रिकामी जागा त्याच्या मूळ ठिकाणी जाते आणि ती जागाच धनभारित कणाप्रमाणे फिरू लागते. या जागेला 'होल' आणि अशा अर्धवाहकाला 'पी' प्रकारचा म्हणतात. मिसळ इतकी नगण्य असूनही वाहकता लक्षावधी पटींनी वाढते, हे अर्धवाहकांचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य मानायला हवे.

हे दोन प्रकार एकाच स्फटिकात लागून तयार केले की सीमेवरचे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांत विलीन होतात व तेथे भारवाहकांविना एक पट्टा उरतो. पी बाजूला धन अग्र जोडून सुमारे ०.७ व्होल्ट दाब दिला की हा अडसर ओलांडला जातो. दाब उलटा दिला तर पट्टा अधिकच रुंदावतो. एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा हा घटक म्हणजे डायोड. मोबाइलच्या चार्जरमध्ये घरातल्या विजेचा प्रवाह एकदिश करण्याचे काम तोच करतो.

एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये एमिटर व कलेक्टर या दोन एन थरांच्या मध्ये बेस नावाचा पी थर असतो. एमिटरमधून निघालेले इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात आणि बेस अतिशय पातळ व त्यात होल मोजकेच असल्यामुळे बहुतेक इलेक्ट्रॉन होलशी गाठ पडण्यापूर्वीच पलीकडच्या सीमेपर्यंत पोहोचतात, जिथले विद्युतक्षेत्र त्यांना कलेक्टरमध्ये ओढून घेते. शंभरातला एखादा वाटेत अडकतो, काही होल उलट एमिटरकडे निसटतात, आणि ही तूट भरून काढणारा क्षीण प्रवाह म्हणजेच बेस प्रवाह; तो बंद केला की मोठा प्रवाहही थांबतो. दोन सुटे डायोड पाठीला पाठ लावून जोडले तर ट्रान्झिस्टर होत नाही, कारण मधला थर इतका जाड राहतो की पलीकडे कोणीच पोहोचत नाही.

पहिल्या ट्रान्झिस्टरचीही कसोटी अंतराचीच होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाशी पात्याने तो चिरला आणि सुमारे ०.०५ मिलिमीटर अंतरावरची ती दोन टोके जर्मेनियमच्या स्फटिकावर दाबून धरली. वर वर्णिलेली तीन थरांची रचना त्यानंतर विल्यम शॉकली यांनी मांडली आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून दिले गेले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा बीसी ५४७ हा एनपीएन ट्रान्झिस्टर घेतला, तर त्याचा सपाट भाग समोर धरल्यावर डावीकडून कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय दिसतात. घरावरची पाण्याची टाकी भरल्याची सूचना देणारे मंडल त्यावर उभे करता येते: ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन अग्र बझरमार्गे कलेक्टरला व ऋण अग्र एमिटरला जोडायचे आणि टाकीच्या काठाशी सोडलेल्या दोन उघड्या तारांपैकी एक धन अग्राला, तर दुसरी रेझिस्टरमधून बेसला जोडायची. पाणी तारांना टेकले की त्यातून क्षीण प्रवाह बेसमध्ये जातो. बझरला २० मिलिअँपिअर लागत असतील आणि ट्रान्झिस्टरची प्रवाहवृद्धी २०० असेल, तर बेसला ०.१ मिलिअँपिअर पुरतो. मात्र याच क्रमांकाच्या नगांमध्ये ही वृद्धी ११० पासून ८०० पर्यंत कितीही असू शकते, म्हणून जाणता तंत्रज्ञ गरजेच्या कित्येक पट बेस प्रवाह देतो. मग ट्रान्झिस्टर पुरता उघडतो आणि त्याच्यावर जेमतेम ०.२ व्होल्ट दाब उरतो. ध्वनिवर्धकात मात्र त्याला अर्धवट उघड्या अवस्थेत ठेवावे लागते, म्हणजे आवाजाचा प्रत्येक चढउतार कलेक्टरच्या प्रवाहात जसाच्या तसा उमटतो.

संगणकातील चिपमध्ये आज मुख्यतः मॉसफेट प्रकारचे ट्रान्झिस्टर असतात, ज्यांचे पहिले प्रात्यक्षिक १९६० मध्ये बेल प्रयोगशाळेतच मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी दाखवले. यात गेट नावाचे अग्र आणि सिलिकॉन यांच्यामध्ये विद्युतरोधक ऑक्साइडचा थर असतो. गेटवरचा दाब त्या थरापलीकडून इलेक्ट्रॉन खेचतो आणि प्रवाहाची वाट तयार होते, त्यासाठी गेटमधून सतत प्रवाह द्यावा लागत नाही. मॉसफेट लहान करत नेताना हा थर सुमारे १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या जाडीवर आला, तेव्हा इलेक्ट्रॉन त्यातून आरपार गळू लागले आणि चिप निष्कारण तापू लागल्या. अखेर इंटेलने २००७ मध्ये सिलिकॉन ऑक्साइडऐवजी हाफ्नियमचे संयुग वापरले, ज्याचा थर अधिक जाड ठेवूनही गेटचा ताबा सुटत नाही.