साहेबही मीच, शिपाईही मीच!

नोकरीला टाटा करायचा आणि स्वतःचं काहीतरी सुरू करायचं, हे स्वप्न तुमच्याही डोक्यात असेलच. पण एकट्याचा धंदा वाढवता वाढवता तो एकटाच आडवा झाला तर? आपटी खाऊन शहाण्या झालेल्या एका फ्रीलान्सरचा हा अनुभव आणि त्यातून सापडलेले काही फंडे...

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी एका दिवाळी अंकाचा लेख संपवत होते. दुसऱ्या अंकाच्या संपादकांचे दोन मिस्ड कॉल येऊन पडले होते. शिवाय एका कंपनीचं ब्रोशर ‘आजच्या आज’ हवं होतं. डॉक्टर बाहेर आले, कोणता ड्रॉप किती वेळा घालायचा ते सांगायला लागले, आणि मी चक्क त्यांना म्हणाले, ‘एक मिनिट हं!’

डॉक्टर एक मिनिट थांबले. मग सिस्टरना सांगून निघून गेले.

संध्याकाळी घरी आल्यावर डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेली आई म्हणाली, ‘अगं, तुझ्या साहेबाला सांगायचं ना एक दिवस सुट्टी दे म्हणून.’

‘आई, माझा साहेब मीच आहे.’

‘मग वाईट आहे गं साहेब,’ आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

लागलं. जाम लागलं. कारण नोकरी सोडताना मी ऑफिसात सगळ्यांना हेच ऐकवलं होतं, की आता मी माझ्या मर्जीची मालक! कधीही उठेन, कुठूनही काम करेन, कंटाळा आला की अलिबाग गाठेन. प्रत्यक्षात तीन वर्षांत अलिबाग एकदाच झालं, आणि तिथेही बीचवर बसून मी एका क्लायंटच्या करेक्शन्स करत होते.

‘हो’ म्हणायचा रोग

एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला एक भीती असते. आज ‘नाही’ म्हटलं तर उद्या फोन येणारच नाही. मग आपण सगळ्यालाच ‘हो’ म्हणत सुटतो. भाषांतर? हो. ब्रोशर? हो. मित्राच्या स्टार्टअपसाठी ‘थोडंसं बघून दे ना’? हो, तेही फुकटात! डिझायनर असा, फोटोग्राफर असा, घरून केक करून विकत असा किंवा योगाचे क्लास घेत असा, हा रोग सगळ्यांना सारखाच होतो.

पहिल्या वर्षी याला आपण ‘स्ट्रगल’ म्हणतो. दुसऱ्या वर्षी ‘ग्रोथ’ म्हणतो. तिसऱ्या वर्षी रविवारी सकाळी फोन वाजला की पोटात गोळा येतो. ज्या कामासाठी नोकरी सोडली, त्याच कामाची फाइल उघडायला नको वाटतं. माझ्या हातून त्या सप्टेंबरमध्ये एका क्लायंटचा मजकूर दुसऱ्याच क्लायंटला गेला. तोपर्यंत मी स्वतःला ‘बिझी’ समजत होते.

याला शब्द आहे, बर्नआउट. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्यावर लिहिलं. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात मन लावून राबणारी माणसं, त्यांच्यात तो स्वतःही आला, हळूहळू विझत जाताना त्याने पाहिली होती. म्हणजे मुळात हा आळशी माणसांचा आजार नाहीच, झपाटून काम करणाऱ्यांचा आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या नव्या सूचीत बर्नआउटचा अर्थ नक्की केला. त्याला रोग न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आणि तीन खुणा सांगितल्या. अंगातली ताकद संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मी यादी वाचली. तीनपैकी तीन! दहावीनंतर पैकीच्या पैकी पहिल्यांदाच मिळाले.

चला, गणित मांडू

मला जागं केलं ते एका साध्या हिशोबाने. कागद-पेन घ्या आणि तुमचाही करून बघा.

वर्षाचे आठवडे ५२. त्यातून गणपती, दिवाळी, घरातलं एखादं लग्न, दोनचार दिवसांचा ताप आणि एक धड सुट्टी असे मिळून ६ आठवडे काढा. उरले ४६. आठवड्याला ५ दिवस धरले तर २३० दिवस. दिवसाला ८ तास काम करतो असं आपण म्हणतो खरं, पण त्यातला निम्मा वेळ कोटेशन पाठवणं, बिलं करणं, पैशांची आठवण करून देणं, मीटिंगला जाणं आणि ट्रॅफिकमध्ये बसणं यात जातो. त्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणजे विकता येण्यासारखे तास रोजचे ४. वर्षाचे किती? ९२०.

बस्स, एवढाच आपला स्टॉक! दुकानदाराचा माल संपला तर तो होलसेलवाल्याकडून नवा आणतो. आपला नवा माल कुठून येतो? झोपेतून, जेवणातून, आईच्या ऑपरेशनच्या दिवसातून.

आता दुसरी बाजू. समजा, महिन्याला ६० हजार रुपये हातात हवेत. वर्षाचे झाले ७ लाख २० हजार. लॅपटॉप, इंटरनेट, प्रवास, सीए, मेडिक्लेम आणि टॅक्स यांचे मिळून २ लाख धरा. एकूण ९ लाख २० हजार. भागिले ९२० तास. तुमचा तासाचा दर झाला १,००० रुपये.

मग मी माझ्या एका लेखाचा हिशोब केला. मानधन ३ हजार. फोन, मुलाखत, रेकॉर्डिंग ऐकून उतरवणं, लिहिणं, दोनदा बदल करणं, सगळे मिळून १२ तास. म्हणजे तासाला २५० रुपये! या दराने ६० हजार कमवायचे, तर दिवसाला विकायचे तास ४ ऐवजी १६ लागतात. मी दमत होते यात नवल नव्हतंच, उभी कशी होते हेच नवल.

मोदकवाल्या काकू आणि ‘१ ते ४ बंद’

आमच्या कॉलनीत एक काकू गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेतात. हाताखाली कुणी नाही. पहिल्या दिवसासाठी त्या ३०० मोदक घेतात आणि वही बंद करतात. तीनशे एकावा मोदक सख्ख्या जावेलाही मिळत नाही! मी एकदा म्हटलं, ‘काकू, दोन बायका ठेवा, हजार मोदक जातील.’ त्या म्हणाल्या, ‘जातील की. पण त्यांची पारी माझ्यासारखी होणार नाही. मग पुढच्या वर्षी गिऱ्हाईक येईल का?’

गंमत बघा. वही लवकर भरते म्हणून लोक आता श्रावणातच बुकिंग करतात, आणि काकू दर वर्षी मोदकामागे दोनतीन रुपये वाढवतात. कुणी कुरकुर करत नाही. मोदक तेवढेच, दमणूक तेवढीच, कमाई दर वर्षी जास्त. एमबीएवाले याला काहीतरी भारी नाव देतील. काकू त्याला ‘झेपेल तेवढंच’ म्हणतात.

तसंच ते पुण्यातलं ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद’. आपण सगळ्यांनी त्या पाटीवर यथेच्छ जोक मारलेत. पण विचार करा, दुकान चालवणारा माणूस एकच असेल, तर त्याने जेवायचं कधी आणि पाठ टेकायची कधी? पाटी लावली की गिऱ्हाईक आपोआप चारनंतर येतं. आपण मात्र रात्री साडेअकराच्या व्हॉट्सअॅपलाही दोन मिनिटांत उत्तर देतो, आणि मग क्लायंट डोक्यावर बसतो म्हणून रडतो. पाटी लावलीच नाही, तर त्याला बंदची वेळ कळणार कशी?

मग मी काय केलं?

आधी सगळ्या क्लायंट्सची यादी केली आणि प्रत्येकासमोर तासाला खरोखर किती पडतात ते लिहिलं. जो सर्वात जास्त फोन करायचा, ओरडायचा आणि ‘अर्जंट’ म्हणायचा, तो शेवटून पहिला निघाला. तासाला १८० रुपये! त्याला आणि शेवटून दुसऱ्याला महिनाभर आधी सांगून, हातातलं काम पूर्ण करून, दुसऱ्या माणसाचा नंबर देऊन निरोप दिला. भांडण नाही, टोमणे नाहीत.

नव्या लोकांना पहिल्या दिवसापासून नवा दर सांगितला. जुन्यांना एप्रिलपासून वाढवून मागितला. एक जण गेला, दोघे तयार झाले. करेक्शन्स दोनदाच, तिसऱ्यांदा वेगळे पैसे, हे ई-मेलवर लिहून टाकलं. संध्याकाळी सातनंतर व्हॉट्सअॅपवर ऑटो रिप्लाय, ‘उद्या सकाळी १० नंतर बोलू.’ हीच माझी १ ते ४ ची पाटी.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने कमाई घसरली. रात्री झोप लागेना. ‘मूर्खपणा केलास’ असं एक मन सारखं म्हणायचं. चौथ्या महिन्यात आकडा जुन्या जागी आला आणि मग थोडा पुढे सरकला. तासाला हजार अजून पडत नाहीत, सध्या सातशेच्या आसपास आहे. पण काम करताना पूर्वीची मजा परत आलीय.

‘मग धंदा वाढणार कसा?’ असं तुम्ही विचाराल. माझ्यापुरतं उत्तर असं, की आधी तासाची किंमत वाढवायची, मग माझ्याशिवाय होणारी कामं बाहेर द्यायची. रेकॉर्डिंग उतरवायला मी आता कॉलेजमधल्या एका मुलीला पैसे देते, हिशोब सीएकडे. आणि दहा प्रकारची कामं करण्यापेक्षा दोन प्रकारची करते. त्यामुळे लोक नाव घेताना ‘ती अमुक काम करणारी’ असं सांगतात. नवं काम त्या ओळखीतूनच येतं.

अडकलेले पैसे

एकट्याला सर्वात जास्त काय दमवत असेल, तर केलेल्या कामाचे पैसे मागणं. ‘अकाउंट्समध्ये आहे,’ ‘साहेब टूरवर आहेत,’ ही वाक्यं पाठ झाली असतील. पण एक कायदा आपल्या बाजूने आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

२००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते, फुकट होते आणि एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पातल्या बदलामुळे, मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत समोरच्या कंपनीला तो खर्च टॅक्सच्या हिशोबात धरता येत नाही. कोर्टकचेरीची भाषा करायची गरज नाही. बिलावर उद्यम नंबर छापा, बऱ्याचदा अकाउंट्सवाले स्वतःहून जागे होतात.

निघण्यापूर्वी हे करा

* नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. खिशात पैसे असले की ‘नाही’ म्हणणं सोपं जातं.
* स्वतःचा मेडिक्लेम आधी काढा. कंपनीचा मेडिक्लेम साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो.
* तुमचे ९२० तास मोजा. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो माहीत असू द्या.
* सगळी कमाई एकाच क्लायंटवर ठेवू नका. तो गेला की आपण परत शून्यावर.
* जीएसटीवर लक्ष ठेवा. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते.
* सुट्टीच्या तारखा जानेवारीतच कॅलेंडरवर लिहा, आणि क्लायंटलाही सांगा.

परवा आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर आधीच मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की त्या दिवशी मी नाही. लॅपटॉप घरी, फोन पर्समध्ये सायलेंटवर. डॉक्टर आले, त्यांनी ड्रॉप्सच्या वेळा सांगितल्या, मी वहीत लिहून घेतल्या आणि दोन प्रश्नही विचारले.

रिक्षातून घरी येताना आईने विचारलं, ‘आज साहेबाने सुट्टी दिली वाटतं?’

‘दिली गं,’ मी म्हटलं. ‘भरपगारी नाही, पण दिली.’